हवा कशीही असो

लोणावळ्याहून पवनानगरच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडते न पडते तोच औंढे येते. पुढे औंढोली, मग दुधिवऱ्याची खिंड, आणि खिंड ओलांडली की पवनेचे खोरे. एका बाजूला लोहगड आणि विसापूर ही जोडी सतत दिसत राहते, म्हणजे ढगांनी दिसू दिली तर. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग इथून इतका जवळ आहे की वारा फिरला म्हणजे भातखाचराच्या बांधावर उभे राहूनही वाहनांची घरघर ऐकू येते. त्या मार्गावरून रोज हजारो माणसे जातात. त्यांच्यासाठी औंढे हे फारतर पाटीवरचे एक नाव असेल. भुशी धरण, टायगर पॉइंट, खंडाळ्याचा घाट असे काही त्याच्या वाट्याला आलेले नाही, आणि म्हणूनच आम्ही ते निवडले.

आम्ही पुण्यातले सहाजण गेली काही वर्षे महिन्यातून एका रविवारी तिथे जातो. सकाळच्या लोकलने लोणावळा गाठायचे, औंढ्यापासून खिंडीच्या दिशेने चालायचे, दुपारी कुठेतरी डबे उघडायचे आणि दिवेलागणीला परतायचे. यात सांगण्यासारखे काही नाही. नियम मात्र दोन होते. पहिला असा की सगळ्यांचे मोबाईल बंद करून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि तो डबा एकाच्या सॅकच्या तळाशी टाकायचा. दुसरा असा की हवा कशीही असली तरी बेत रद्द करायचा नाही. या दोन्ही नियमांचा आम्हांला बराच अभिमान होता. त्या अभिमानाचे पुढे काय झाले ते सांगावे, आणि त्या निमित्ताने 'बाहेर जाणे' या क्रियेविषयी आज जे बोलले जाते त्याची थोडी तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोबाईलपासून दूर राहणे ही आता विकत मिळणारी वस्तू झाली आहे. 'डिजिटल डिटॉक्स' असे तिचे नाव. पवनेच्या जलाशयाकाठी तंबूंच्या रांगा लागतात, शेकोटी आणि न्याहारी दरात धरलेली असते. जाहिरात मोबाईलवर वाचायची, नोंदणी मोबाईलवर करायची आणि शांततेला किती तारे द्यायचे तेही परतल्यावर मोबाईलवरच कळवायचे. या व्यवहाराला हसणे सोपे आहे. आम्हीही हसत असू. पण आमचा पत्र्याचा डबा याहून फार निराळा होता का, असा प्रश्न आम्हांला पडायला जवळपास वर्ष जावे लागले.

सुरुवातीचे काही महिने हात खिशाकडे जाई. मग ते थांबले. नजरेची सवय मात्र गेली नाही. आम्ही लोहगडाकडे पाहत होतो ते मनातल्या मनात चौकट धरूनच. 'इथून काय फोटो आला असता!' हे वाक्य आमच्यापैकी कोणी ना कोणी दर तासाला उच्चारी आणि बाकीचे हळहळत. म्हणजे यंत्र डब्यात गेले होते, पण त्याने लावलेले वळण आमच्या बरोबर चालत होते. आम्ही न काढलेल्या छायाचित्रांचा संग्रह करत होतो इतकेच.

दुसरी गोष्ट ध्यानात आली ती याहून खजील करणारी होती. जे पाहिले ते सांगायला आमच्यापाशी शब्द नव्हते. सहाही जण मराठी वाचणारे, त्यांतले दोघे मराठी शिकवणारे. तरी पावसाविषयी आमची मजल 'जोराचा', 'हलका' आणि 'मस्त' यांच्या पलीकडे जाईना. रिमझिम, भुरभुर, संततधार, झड, उघडीप हे शब्द आम्हांला अर्थातच ठाऊक होते, पण ते वाचलेले शब्द होते. समोर पडणाऱ्या पावसाला यांतले नेमके कोणते नाव द्यावे, हे ठरवण्याची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. सकाळपासून न थांबणाऱ्या पावसाला झड केव्हा म्हणायचे? एका दिवसानंतर की तीन दिवसांनंतर? शब्दकोशात याचे उत्तर मिळते, पण ते उत्तर कोणाच्या तरी अंगावर पडलेल्या पावसातून तिथे आलेले असते.

हे उत्तर औंढ्यात आहे. जुलैत लावणी चाललेली असते. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओणव्या होऊन रोपे लावत असतात. पूर्वी या कामाला डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारे पानांचे आणि बांबूच्या कामट्यांचे इरले असे, किंवा घोंगडीची खोळ असे. आता बहुधा प्लास्टिकचा कागद असतो. इरल्याची रचना पाहण्यासारखी असते. दोन्ही हात मोकळे राहतात आणि वाकलेल्या पाठीवरून पाणी मागे ओघळते. छत्री उभ्या माणसाची आणि इरले वाकलेल्या माणसाचे. बांधावर थांबून आम्ही एकदा एका आजींना विचारले, "आजी, हा पाऊस आता किती दिवस?" मान वर न करता त्या म्हणाल्या, "ह्यो म्हातारा पाऊस. दिसाया बारीक, पण दमत न्हाई."

म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य नक्षत्राचा. त्याच्या आधी पुनर्वसूचा तरणा पाऊस येतो. पुढे मघांत सासूंचा आणि पूर्वांत सुनांचा. हस्तातला हत्तीचा. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात लागणाऱ्या मृगापासून सप्टेंबरअखेरीच्या हस्तापर्यंत शेतकऱ्याने पावसाळ्याची अशी पंधरवड्यांत वाटणी केलेली आहे. नक्षत्रांवरून पाऊस वर्तवता येतो असा आमचा दावा नाही. पंचांगात दर नक्षत्राला जे वाहन दिलेले असते, बेडूक किंवा गाढव किंवा म्हैस, त्यावरून काढलेल्या भाकितांवर तर आमचा मुळीच विश्वास नाही. ही नावे आम्हांला महत्त्वाची वाटतात ती निराळ्या कारणाने. वर्षानुवर्षे एकाच जागी उभे राहून, एकच काम करत, पाऊस अंगावर घेतलेल्या लोकांनी केलेली ती नोंद आहे. चार महिने पडणाऱ्या पाण्याला आपण 'पावसाळा' असे एकच नाव देतो. ते त्यात तरुण, म्हातारा, सासू, सून असे एक अख्खे कुटुंब पाहतात.

हवामानाचे शास्त्र या भागाला परके आहे असेही नाही. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. आज त्याच खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे मोबाईलवर येतात, आणि ते पाहावेत, हे आम्ही पुढे सांगणारच आहोत. पण इशारा जिल्ह्याला किंवा घाटमाथ्याला असतो. औंढ्याच्या मागचा ओढा किती वाजता फुगतो हे त्याला ठाऊक नसते.

आम्हांलाही ते ठाऊक नव्हते. एका जुलैत, तीन दिवस पाऊस लागून राहिलेला असताना, आम्ही नियमाप्रमाणे निघालो. जाताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा परतताना मांडीपर्यंत आला होता. पाणी मातकट झाले होते. थांबावे असे आमच्यातल्या दोघांना वाटले, पण 'हवा कशीही असो' हे आमचे बोधवाक्य होते, आणि बोधवाक्य पाळणाऱ्याला थांबणे म्हणजे हार वाटते. तिसरा गडी मध्यावर असताना त्याचा पाय सुटला. वीस-पंचवीस हात तो वाहत गेला आणि एका करंजाच्या मुळांना अडकला. वरच्या खाचरातून दोघेजण दोर घेऊन धावत आले म्हणून तो आज आमच्यात आहे. मोबाईल डब्यात, डबा सॅकमध्ये, आणि सॅक त्याच्याच पाठीवर होती. दोर गुंडाळताना त्यांतला थोरला एवढेच म्हणाला, "पाणी गढूळ झालं म्हंजी वर पाऊस वाढलाय. एवढं बघायचं असतंय, दादा."

एवढे बघायचे असते. आम्ही तासन्‌तास पाण्याकडेच बघत होतो, त्याच्या रंगाची वर्णने करत होतो. तो रंग काही सांगत आहे हे आम्हांला कळले नाही. त्या दिवसापासून आमच्या दोन्ही नियमांवरचा आमचा विश्वास डळमळला, आणि तो डळमळला हे बरे झाले असे आज वाटते.

'खराब हवा असे काही नसते, असतात ते खराब कपडे' अशी एक म्हण नॉर्वे-स्वीडनकडे आहे. ती आता आपल्याकडच्या शहरी पालकांच्या बोलण्यातही ऐकू येते. त्या देशांत मोकळ्या हवेतल्या जगण्याला 'फ्रिलुफ्ट्‌सलिव्ह' म्हणतात. नाटककार इब्सेनने १८५९ मध्ये एका कवितेत तो शब्द वापरला, आणि आज तो त्यांच्या शिक्षणाचा आणि राष्ट्रीय अभिमानाचा भाग आहे. बर्फात मुलांना खेळायला सोडणाऱ्या त्या समाजाविषयी आम्हांला आदर आहे. पण ही म्हण सह्याद्रीत जशीच्या तशी चालत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच पुणे जिल्ह्यातले, आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ती माणसे पावसाला घाबरणारी नव्हती, आणि त्यांच्या कपड्यांत काही खोट नव्हती. ज्या प्रदेशात डोंगर हलतो आणि ओढा तासाभरात नदी होतो, तिथे 'हवा कशीही असो' या शब्दांचा अर्थ निराळा लावावा लागतो. प्रत्येक हवेत बाहेर पडायला हरकत नाही, पण त्या हवेत कुठे जायचे आणि कुठे नाही हे कळत असले पाहिजे.

३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत चार मुले होती. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभे असलेले ते कुटुंब सर्वांनी पाहिले, कारण काठावरच्या लोकांनी त्याचे चित्रण केले होते. काठावरच्यांना दोष देणे सोपे आहे. आम्हांला त्या चित्रणातून दिसले ते आमचेच रूप. पाणी वाढते आहे हे त्या घटकेपर्यंत कोणालाच वाचता आले नव्हते, पाण्यात असलेल्यांना नाही आणि काठावरच्यांनाही नाही. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. मे २०२२ मध्ये नागफणीच्या रानात एक परप्रांतीय तरुण वाट चुकला. फोन त्याच्याजवळ होता, वाट चुकल्याचे त्याने घरी कळवलेही होते, पण चार दिवसांनी त्याचा मृतदेहच मिळाला. अशा वेळी दऱ्यांत उतरणारे लोक गावचे असतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेची मुले कितीदा तरी पावसात दोर घेऊन निघालेली आहेत. पाहुण्यांच्या निष्काळजीपणाची भरपाई यजमानांनी करायची अशी ही रीत पडून गेली आहे.

अशा घटनांनंतर शासनाचे उत्तर ठरलेले असते. २०२४ च्या दुर्घटनेनंतर धबधबे, धरणे, गड यांच्या परिसरात मनाईचे आदेश निघाले आणि धोक्याच्या जागी सेल्फी किंवा रील काढण्यासही बंदी आली. जीव वाचत असतील तर बंदीला आमचा विरोध नाही. पण बंदीने शिकवण होत नाही. आदेशाची मुदत संपली की तीच गर्दी तेवढ्याच अज्ञानासह परत येते. मुलांना शाळेत पर्जन्यमानाचे आलेख शिकवले जातात, आणि लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो हे त्यांना पाठ असते. गढूळ पाण्याचा अर्थ त्यांना कोणी सांगत नाही.

याविषयी आपल्याकडे जुनी समज नव्हती काय? होती, आणि तीही औंढ्याच्या आसपासच. विसापूरच्या पायथ्याशी भाजे येथे बावीस लेणी आहेत. त्यांतला मोठा चैत्य इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम होता. त्याला वर्षावास म्हणत. वर्षाचे उरलेले महिने चालत राहायचे आणि पावसात थांबायचे. या नियमाचे जे कारण विनयपिटकात दिले आहे ते मोठे सुंदर आहे. पावसात फिरणाऱ्यांच्या पायांखाली कोवळे गवत आणि लहान जीव तुडवले जातात अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे थांबण्याचे कारण स्वतःचे भिजणे नव्हते, दुसऱ्याचे चिरडणे होते. भाज्याच्या विहारातल्या दगडी बाकावर बसून समोरचा पाऊस पाहिला तर कळते की हे थांबणे हवेकडे पाठ फिरवणे मुळीच नव्हते. विहाराच्या तोंडाशी पाऊस उभाच असतो.

दुसरी रीत याच्या नेमकी उलट आहे. लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीवरून जाते, आणि त्याच दोन गावांहून ज्येष्ठाच्या अखेरीस, पाऊस अंगावर घेतच, पालख्या पंढरपूरला निघतात. अडीचशे किलोमीटरच्या आगेमागे वाट, ऊन, पाऊस, चिखल, काही असो. हवा पाहून कोणी मुक्काम बदलत नाही. पण वारीला वाट ठरलेली आहे, मुक्काम ठरलेले आहेत, दिंडीत आपली जागा ठरलेली आहे. वारकरी हवेची पर्वा करत नाही, कारण शेकडो वर्षांच्या चालण्याने ती पर्वा आधीच केलेली आहे.

थांबणारे भिक्षू आणि चालणारे वारकरी या दोघांत आम्हांला विरोध दिसत नाही. ऋतूशी कसे वागायचे हे दोघांनीही ठरवले आहे, आणि ते एकेकट्याने ठरवलेले नाही. आमच्यासारखे रविवारचे लोक तेवढे मधल्यामध्ये आहेत. आम्हांला ना थांबण्याची रीत आहे, ना चालण्याची. आमच्याकडे फक्त सुट्टी आहे.

या मुलखात चालण्याची रीत ज्याने आधुनिक मराठी वाचकाला शिकवली तो माणूसही इथलाच. गो. नी. दांडेकर तळेगावला राहत. 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' या त्यांच्या कादंबऱ्या याच डोंगरांत घडतात. मुंबईला विटून राजमाचीवर परतलेला बुधा झाडांत आणि प्राण्यांत एकटा राहतो. आजच्या भाषेत त्याला कोणी डिटॉक्स म्हणेल. पण बुधा कशाचा त्याग करायला माचीवर गेलेला नाही, तो आपल्या माणसांत परत आला आहे. ती माणसे म्हणजे झाडे आहेत इतकेच. गोनीदांविषयी आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगायला हवी. त्यांच्या हाती कॅमेराही असे आणि त्यांनी गडांची छायाचित्रे काढली. तेव्हा यंत्र हाती असले की पाहणे संपते, हे म्हणणे खरे नाही. एकेका गडावर पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या ऋतूंत गेलेल्या माणसाच्या हातातला कॅमेरा आणि पहिल्या फेरीत दहा मिनिटांत शंभर चित्रे घेणारा मोबाईल यांत फरक आहे, आणि तो फरक यंत्रातला नाही.

पुन्हा जाणे हीच यातली खरी अडचण आहे. २०२५ च्या जुलैत लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेला. मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून निवडलेल्या बारा किल्ल्यांतला तो एक. आता तिथे येणारे वाढतील आणि ते बहुतेक जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारीच येतील. औंढ्याला एप्रिलमध्ये कोणी येत नाही. एप्रिलमध्ये खाचरे भेगाळलेली असतात, डोंगर पिवळे असतात, काही उतार वणव्याने काळे पडलेले असतात. त्या काळ्या उताराखालून दुपारी चालताना जी धग येते तिचे कोणी छायाचित्र काढत नाही. पण करवंदे तेव्हाच पिकू लागतात, आणि वळवाच्या आधीची ती घुसमट अंगावर घेतल्याशिवाय मृगाचा पहिला वास म्हणजे काय ते कळत नाही. डिसेंबरात सकाळी नऊपर्यंत धुके असते आणि गवताच्या दवाने विजारी गुडघ्यापर्यंत भिजतात. ऑक्टोबरात इंद्रायणी भाताचा घमघमाट सुटतो. हे वाण जवळच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिले, आणि आंबेमोहोराचा वास त्याच्या अंगात उतरला आहे. जो फक्त पावसाळ्यात येतो त्याला निसर्ग म्हणजे हिरवे पाणी वाटते. 'हवा कशीही असो' हा नियम कुठे खरा असेल तर तो इथे. कंटाळवाण्या, कोरड्या, चित्र न देणाऱ्या हवेतही जावे. वेड्या पावसात ओढा ओलांडण्यापेक्षा मार्चमधल्या दुपारी बांधावर बसून राहणे आम्हांला अधिक कठीण गेले.

आमच्यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. मोबाईल डब्यात ठेवणे ही ज्याची त्या दिवशी कोणाला गरज नाही अशा माणसाची चैन आहे. औंढ्यातल्या माणसाला दुधाच्या गाडीसाठी, मजुरीच्या निरोपासाठी, मुलाच्या परीक्षेसाठी मोबाईल हवाच असतो, आणि पावसात उभे राहणे हा त्याचा छंद नसून पोटाचा उद्योग आहे. 'निसर्गाच्या सान्निध्यात' राहणाऱ्यांना त्या सान्निध्याचे काय मोल पडते हे विसरून त्याचे गोडवे गाणे बरे नव्हे. याचे आमच्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की आम्ही तिथे शिकवायला जात नाही, आणि आम्हांला शिकायचे आहे हे कळायलाही उशीरच झाला.

पण मोबाईल बाजूला ठेवणे ही चैनच असते असेही नाही. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले मोबाईल आणि टीव्ही बंद होतात. करोनाच्या काळात मुले पडद्याला चिकटली म्हणून गावाने हे ठरवले. आम्हांला त्यातला भोंगा मोलाचा वाटतो. एकट्याने मोबाईल बंद केला तर तो एकटाच पडतो. सगळ्यांनी एकाच वेळी बंद केला तर बोलायला माणूस मिळतो. आमचा पत्र्याचा डबा कशाला उपयोगी पडला असेल तर तो याला. त्याने आम्हांला झाडे दाखवली नाहीत, पण सहाजणांना एकाच वेळी रिकामे केले.

राहता राहिला प्रश्न जागेचा. वर ज्या नॉर्वेची म्हण आली त्या देशात १९५७ चा एक कायदा आहे. लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या रानातून, मालकी कोणाचीही असो, पायी चालण्याचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला आहे. त्यांच्या म्हणीला या कायद्याचा आधार आहे. बाहेर जायला आधी बाहेर शिल्लक असावे लागते. लोणावळ्याभोवतीच्या गावांत गेल्या काही दशकांत बंगल्यांच्या वसाहती वाढत गेल्या, आणि त्यांबरोबर कुंपणे. आमची पहिल्या वर्षीची एक पायवाट आज एका भिंतीशी संपते. भिंतीपलीकडून पावसाळ्यात गाण्यांचा आवाज येतो. ती वाट आमच्यासाठी रविवारची होती, पण गुरे घेऊन जाणाऱ्यांसाठी ती रोजची होती. मोबाईल बंद ठेवा असा उपदेश करणाऱ्या मंडळींनी या भिंतींविषयीही काही बोलावे असे आम्हांला वाटते. मुलाच्या हातातून यंत्र काढून घेतले आणि त्याला पाठवायला रान राहिले नाही, तर त्याने काय भिंत पाहत बसायचे?

आम्ही अजून औंढ्याला जातो. नियम आता थोडे निराळे आहेत. पाच मोबाईल डब्यात असतात. सहावा भरलेला आणि कोरडा ठेवून एकाच्या खिशात असतो, आणि निघण्यापूर्वी त्यावर हवामान खात्याचा इशारा पाहिला जातो. हवा कशीही असली तरी पुण्याहून निघायचे हे कायम आहे, पण कुठवर जायचे ते औंढ्यात भेटेल त्याला विचारून ठरते. गेल्या पावसाळ्यातल्या चार फेऱ्यांपैकी दोनदा आम्ही ओढ्याच्या अलीकडूनच परतलो. एकदा त्याच आजींच्या पडवीत तीन तास बसून होतो. पागोळ्या गळत होत्या, लोहगड दिसत नव्हता, करायला काहीच नव्हते. पाऊस कोणता, असे आजींनी आम्हांलाच विचारले. आम्ही थोडा वेळ पाहिले आणि बिचकत सांगितले, "सासूंचा." त्या म्हणाल्या, "अजून दोन दिस हायेत सासूंना." दोन दिवस चुकलो होतो. पण पाऊस ओळखण्याचा प्रयत्न आम्ही पहिल्यांदाच केला होता.